आण्विक भौतिकीतील संशोधनकार्य आणि उद्धरणांचे मोजमाप : प्रा. श्रीधर गद्रे यांच्या कार्याच्या विशेष संदर्भात

गोषवारा :
संशोधकाच्या कार्याचे मूल्यमापन करताना त्याच्या शोधनिबंधांना मिळालेल्या उद्धरणांची संख्या, एच-निर्देशांक व नियतकालिकाचा प्रभाव घटक यांचा आधार घेण्याची प्रथा गेल्या दोन दशकांत दृढ झाली आहे. हे आकडे नेमके काय मोजतात आणि काय मोजू शकत नाहीत, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. त्यासाठी पुणे विद्यापीठातील सैद्धांतिक रसायनशास्त्रज्ञ प्रा. श्रीधर रामचंद्र गद्रे यांच्या आण्विक भौतिकीशी निगडित संशोधनाचा आधार घेतला असून, त्यातून खान्देशातील महाविद्यालयीन संशोधकांच्या दृष्टीने निघणारे निष्कर्ष शेवटी मांडले आहेत.

बीजसंज्ञा : उद्धरण, एच-निर्देशांक, आण्विक स्थिरविद्युत विभव, रेणू-विभाजन पद्धती, संशोधन मूल्यमापन.

प्रस्तावना :
विज्ञानातील प्रत्येक नवा निबंध आधीच्या निबंधांच्या खांद्यावर उभा असतो. ते ऋण मान्य करण्याची शिष्टसंमत रीत म्हणजे उद्धरण होय. एखाद्या निबंधाचा उल्लेख पुढील किती निबंधांत झाला, हे मोजल्यास विचारांचा प्रवास शोधता येईल, ही कल्पना युजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मांडली. फिलाडेल्फिया येथील त्यांच्या संस्थेने १९६४ मध्ये 'सायन्स सायटेशन इंडेक्स' प्रसिद्ध केला. मुळात हे ग्रंथालयाचे साधन होते. एखाद्या विषयावरील पुढील साहित्य वाचकाला सापडावे, एवढाच त्याचा हेतू होता. संशोधकाची योग्यता ठरविण्यासाठी त्याचा उपयोग पुढे होऊ लागला.

२००४ मध्ये स्कोपस व गुगल स्कॉलर या सेवा सुरू झाल्या आणि २००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी एच-निर्देशांक सुचविला. तेव्हापासून उद्धरणसंख्या प्रत्येक प्राध्यापकाच्या टेबलावर येऊन पोहोचली. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी शैक्षणिक कामगिरी निर्देशांक लागू केल्यावर पदोन्नतीचा प्रश्न गुणांशी व गुणांचा प्रश्न प्रकाशनांशी जोडला गेला. जळगाव असो वा धुळे, पदवी महाविद्यालयातील अध्यापकालाही या हिशेबातून सुटका राहिली नाही. अशा वेळी या हिशेबाचा पाया समजून घेणे अगत्याचे ठरते.

लेखाची उद्दिष्टे :
१) उद्धरणाधारित प्रमुख निर्देशांकांचे स्वरूप स्पष्ट करणे.
२) प्रा. गद्रे यांच्या संशोधनातील प्रमुख टप्प्यांचा परिचय करून देणे.
३) त्या टप्प्यांच्या आधारे उद्धरणसंख्येचे सामर्थ्य व मर्यादा तपासणे.
४) खान्देशातील संशोधकांच्या दृष्टीने व्यवहार्य निष्कर्ष मांडणे.

निर्देशांकांचे स्वरूप :
एच-निर्देशांकाची व्याख्या सोपी आहे. एखाद्या संशोधकाच्या किमान पाच निबंधांना प्रत्येकी किमान पाच उद्धरणे मिळाली असतील, परंतु सहा निबंधांना प्रत्येकी सहा मिळाली नसतील, तर त्याचा निर्देशांक पाच होय. उदाहरणादाखल दोन काल्पनिक संशोधक घेऊ. पहिल्याच्या सात निबंधांना अनुक्रमे ५०, २०, ९, ६, ५, ३ व १ अशी एकूण ९४ उद्धरणे आहेत. त्याचा निर्देशांक ५ येतो. दुसऱ्याच्या पाच निबंधांना ४००, ४, ३, २ व १ अशी एकूण ४१० उद्धरणे आहेत. त्याचा निर्देशांक मात्र ३ येतो. म्हणजे हा निर्देशांक सातत्याला झुकते माप देतो आणि एखाद्याच असामान्य निबंधाकडे दुर्लक्ष करतो. शिवाय तो कधीच कमी होत नाही. त्यामुळे तरुण संशोधकाची ज्येष्ठाशी तुलना त्याद्वारे करणे न्याय्य नसते.

प्रभाव घटक ही तर नियतकालिकाची सरासरी होय, निबंधाची नव्हे. एखाद्या वर्गाच्या सरासरी गुणांवरून त्यातील एका विद्यार्थ्याची गुणवत्ता ठरविणे जितके चुकीचे, तितकेच नियतकालिकाच्या प्रभाव घटकावरून त्यातील एका निबंधाचे मोल ठरविणे चुकीचे आहे.

एका व्यक्तीच्या समग्र प्रकाशनांचा अशा रीतीने अभ्यास करण्याची परंपरा महाराष्ट्राला अपरिचित नाही. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील ग्रंथालयशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकापासून सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्यासह अनेक वैज्ञानिकांची 'विज्ञानमितीय व्यक्तिचित्रे' तयार केली. प्रकाशनांचे वर्षनिहाय वितरण, सहलेखक, नियतकालिकांची निवड व विषयांतील स्थित्यंतरे यांची त्यांत नोंद असते. निव्वळ एका आकड्यापेक्षा अशी मांडणी कितीतरी बोलकी असते. प्रा. गद्रे यांच्या कार्याकडेही येथे त्याच दृष्टीने, परंतु आकड्यांऐवजी आशयाच्या अंगाने पाहिले आहे.

पहिला टप्पा : घनता आणि माहिती :
आण्विक भौतिकीचा मध्यवर्ती प्रश्न असा : रेणूतील अनेक इलेक्ट्रॉनांचे वर्तन सांगणारे तरंगफल अतिशय गुंतागुंतीचे असते. त्याऐवजी अवकाशातील प्रत्येक बिंदूपाशी इलेक्ट्रॉनांची घनता किती, एवढ्याच सोप्या राशीवरून रेणूचे गुणधर्म सांगता येतील काय? घनता-फलनक सिद्धांत याचे उत्तर होकारार्थी देतो. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचे रॉबर्ट पार हे या सिद्धांताच्या अग्रणींपैकी एक. पार, गद्रे व बार्टोलोटी यांचा अणू व रेणूंच्या स्थानिक घनता-फलनक सिद्धांतावरील निबंध १९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झाला.

त्यानंतर गद्रे यांनी घनतेकडे माहितीशास्त्राच्या चष्म्यातून पाहिले. क्लॉड शॅनन यांनी संदेशवहनासाठी मांडलेली 'एन्ट्रॉपी' ही संकल्पना एखादे वितरण किती पसरलेले आहे, हे मोजते. इलेक्ट्रॉनांची घनता स्थानाच्या अवकाशात जितकी आक्रसलेली, तितकी ती संवेगाच्या अवकाशात पसरलेली असते. या दोन एन्ट्रॉपींची बेरीज एका विशिष्ट मर्यादेखाली जाऊ शकत नाही, हे १९७५ मध्ये बियालिनिकी-बिरूला व मायसील्स्की यांनी दाखविले होते. हायझेनबर्गच्या अनिश्चितता तत्त्वाचे हे एक अधिक बळकट रूप होय. गद्रे यांनी १९८४ मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू ए' या नियतकालिकात थॉमस-फर्मी सिद्धांताच्या चौकटीत या एन्ट्रॉपींचा विचार मांडला आणि १९८५ मध्ये सहकाऱ्यांसह अणूंच्या माहिती-एन्ट्रॉपीची काही नवी वैशिष्ट्ये त्याच नियतकालिकात प्रसिद्ध केली.

त्या काळी हा विषय आडवाटेचा होता. पुढे बंदिस्त अणूंच्या व पुंज-माहितीच्या अभ्यासामुळे अणूंच्या एन्ट्रॉपीकडे संशोधकांचे लक्ष नव्याने वळले. निबंधाची दखल त्याच्या जन्मवर्षाजवळच घेतली जाते असे नाही. काही निबंध दीर्घकाळ निद्रिस्त राहून नंतर जागे होतात. अशा निबंधांना डच अभ्यासक अँथनी व्हॅन रान यांनी २००४ मध्ये 'निद्रिस्त राजकन्या' या अर्थाचे नाव दिले. दोन-तीन वर्षांच्या खिडकीतून पाहणारा प्रभाव घटक अशा निबंधांच्या बाबतीत आंधळा असतो.

दुसरा टप्पा : रेणूचा विद्युत नकाशा :
प्रा. गद्रे यांचे नाव विशेषत्वाने जोडले जाते ते आण्विक स्थिरविद्युत विभवाशी. रेणूच्या परिसरात एखादा एकक धनभार आणून ठेवल्यास त्याला जाणवणारा विभव म्हणजे ही राशी होय. अणुगर्भांचे धन योगदान आणि इलेक्ट्रॉनांचे ऋण योगदान यांची ती बेरीज असते. जेथे विभव ऋण, तेथे धनभारित अभिकारक आकर्षिला जातो. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनच्या एकाकी इलेक्ट्रॉन-जोड्यांच्या बाजूला ऋण विभवाच्या 'दऱ्या' सापडतात, तर बेंझीनमध्ये त्या वलयाच्या वर व खाली असतात. एखाद्या डोंगराळ प्रदेशाच्या नकाशात शिखरे, दऱ्या व खिंडी दाखवाव्यात, तसे रेणूचे 'स्थलवर्णन' या विभवावरून करता येते.

या नकाशाविषयीचा एक मूलभूत नियम राजीव पाठक व श्रीधर गद्रे यांनी १९९० मध्ये 'जर्नल ऑफ केमिकल फिजिक्स' मध्ये मांडला. अणुगर्भांच्या जागा वगळता या विभवाला अन्यत्र कोठेही स्थानिक शिखर असू शकत नाही, असा तो नियम आहे. त्यामागील तर्क पदवीच्या विद्यार्थ्यालाही समजण्याजोगा आहे. पॉयसनच्या समीकरणानुसार, अणुगर्भापासून दूर असलेल्या कोणत्याही बिंदूपाशी विभवाच्या तिन्ही दिशांतील वक्रतांची बेरीज तेथील इलेक्ट्रॉन-घनतेच्या प्रमाणात असते आणि घनता ऋण असू शकत नाही. एखाद्या बिंदूपाशी खरे शिखर असायचे, तर तिन्ही दिशांना उतार हवा, म्हणजे वक्रतांची बेरीज ऋण हवी. धन बेरीज आणि शिखर या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत. म्हणून शिखर नाही. इलेक्ट्रॉन-घनतेला असा नियम लागू होत नाही. लिथियमच्या द्विअणू रेणूसारख्या उदाहरणांत दोन अणुगर्भांच्या मधोमधही घनतेचे शिखर आढळते. या तुलनेमुळेच या नियमाचे महत्त्व उठून दिसते.

पदवी वर्गात शिकविल्या जाणाऱ्या समीकरणातून असा निष्कर्ष निघतो, हे खान्देशातील अध्यापकाने विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे. या शोधासाठी महागडे उपकरण लागले नाही. लागला तो योग्य प्रश्न.

पुढे सी. एच. सुरेश व गद्रे यांनी १९९८ मध्ये बेंझीनवरील प्रतिस्थापकांचे परिणाम विभवाच्या किमान मूल्यावरून मोजण्याची रीत मांडली आणि १९९९ मध्ये एरिक क्लार यांच्या ॲरोमॅटिक षट्क सिद्धांताचा याच नकाशाच्या साहाय्याने पुनर्विचार केला. अशा रीतीने भौतिकीतील राशी सेंद्रिय रसायनशास्त्रज्ञाच्या नित्य वापरात आली. १९९३ मध्ये गद्रे यांना रसायनविज्ञानातील शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. गद्रे व राजेंद्र शिरसाट यांचा अणू-रेणूंच्या स्थिरविद्युतशास्त्रावरील ग्रंथ २००० मध्ये हैदराबादच्या युनिव्हर्सिटीज प्रेसने प्रकाशित केला.

तिसरा टप्पा : मोठ्या रेणूचे तुकडे :
रेणूचा आकार दुप्पट झाला की पुंज-रसायनातील गणनेचा खर्च दुप्पट होत नाही. सर्वसाधारण हिशेबाने तो हार्ट्री-फॉक पद्धतीत आकाराच्या चौथ्या घाताने, दुसऱ्या क्रमाच्या मोलर-प्लेसेट पद्धतीत पाचव्या घाताने आणि अत्यंत अचूक मानल्या जाणाऱ्या युग्मित-गुच्छ पद्धतीत सातव्या घाताने वाढतो. म्हणजे दुप्पट रेणूसाठी अनुक्रमे १६, ३२ व १२८ पट खर्च येतो. १९९० च्या सुमारास भारतीय विद्यापीठांत मोठे संगणक दुर्मीळ होते. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅकची स्थापना होऊन १९९१ मध्ये 'परम ८०००' हा समांतर संगणक तयार झाला. त्याच काळात गद्रे यांच्या गटाने समांतर गणनेकडे लक्ष वळविले. वितरित स्मृतीच्या समांतर यंत्रांवरील गणनेसंबंधीचा लिमये व गद्रे यांचा निबंध १९९४ चा आहे.

त्याच वर्षी गद्रे, शिरसाट व लिमये यांनी रेणू-विभाजनाची पद्धती प्रसिद्ध केली. शिंपी ज्याप्रमाणे कापड बेतून, कापून पुन्हा शिवतो, त्याप्रमाणे मोठा रेणू परस्परांवर चढणाऱ्या लहान तुकड्यांत बेतावयाचा, प्रत्येक तुकड्याची स्वतंत्र गणना करावयाची आणि उत्तरे पुन्हा जोडावयाची. तिचे इंग्रजी नावही शिंपीकामावरूनच आले आहे. २००६ मध्ये गणेश, डोंगरे, बालनारायण व गद्रे यांनी ऊर्जेच्या गणनेसाठी व मोठ्या रेणूंच्या भूमितीसाठी ती विस्तारली. दोन तुकड्यांची ऊर्जा मिळवून त्यांच्या सामाईक भागाची ऊर्जा एकदा वजा केली की संपूर्ण रेणूची ऊर्जा जवळपास मिळते. संचसिद्धांतातील समावेश-वर्जन तत्त्वच येथे कामी येते.

खर्चाची बचत एका सोप्या हिशेबाने पाहता येईल. समजा, ६० अणूंचा रेणू प्रत्येकी ३० अणूंच्या तीन तुकड्यांत विभागला आणि लगतच्या तुकड्यांत १५ अणू सामाईक ठेवले. ९० मधून ३० वजा करता ६० उरतात, म्हणजे हिशेब जुळतो. पाचव्या घाताच्या पद्धतीत प्रत्येक तुकड्याचा खर्च पूर्ण रेणूच्या १/३२ आणि प्रत्येक सामाईक भागाचा १/१०२४ येतो. तिन्ही तुकडे व दोन सामाईक भाग मिळून खर्च ९८/१०२४, म्हणजे सुमारे एक दशांश होतो. शिवाय हे तुकडे वेगवेगळ्या साध्या संगणकांवर एकाच वेळी चालविता येतात. साधनांच्या टंचाईवर कल्पकतेने केलेली ही मात होती. पुढे आयआयटी कानपूर येथे कार्यरत असताना प्रा. गद्रे यांनी सहकाऱ्यांसह २०१४ मध्ये 'केमिकल रिव्ह्यूज' व 'अकाउंट्स ऑफ केमिकल रिसर्च' या नियतकालिकांत आण्विक गुच्छांवरील संशोधनाचे आढावे प्रसिद्ध केले.

उद्धरणे काय सांगतात आणि काय लपवितात :
वरील तीन टप्पे उद्धरणांच्या दृष्टीने तीन वेगळ्या जातींचे आहेत. पहिला पुढे रुजलेल्या विचाराचा, दुसरा सिद्धांताचा, तिसरा साधनाचा. उद्धरणसंख्या या तिन्हींना सारखा न्याय देत नाही.

साधनाला सर्वाधिक उद्धरणे मिळतात, हे जागतिक पातळीवर स्पष्ट झाले आहे. 'नेचर' ने २०१४ मध्ये सर्वाधिक उद्धृत शंभर निबंधांची यादी दिली. तिच्या अग्रभागी प्रथिनांचे प्रमाण मोजण्याची रीत सांगणारा लाउरी व सहकाऱ्यांचा १९५१ चा निबंध होता. त्याला त्या वेळी सुमारे ३ लाख ५ हजार उद्धरणे होती. सातव्या स्थानी ली, यांग व पार यांचा १९८८ मधील घनता-फलनकाविषयीचा निबंध होता. हे पार म्हणजे १९७९ च्या निबंधातील गद्रे यांचे सहलेखक होत. हे फलनक संगणक-प्रणालीत एका पर्यायाच्या रूपाने उपलब्ध झाले आणि तो पर्याय निवडणारा प्रत्येक रसायनशास्त्रज्ञ मूळ निबंध उद्धृत करू लागला. ज्या वैचारिक कार्यातून अशी साधने निपजली, त्यातील इतर निबंधांच्या वाट्याला हे भाग्य येत नाही.

याउलट सिद्धांत जितका यशस्वी, तितका तो लवकर सामान्य ज्ञानात विरघळतो. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी या प्रक्रियेचे वर्णन 'समावेशनातून होणारे विस्मरण' असे केले आहे. रेणूच्या विभवाला अणुगर्भाबाहेर शिखर नसते, हे गृहीत धरून काम करणारा प्रत्येक अभ्यासक १९९० च्या निबंधाचा उल्लेख करीलच असे नाही. कल्पना घराघरांत पोहोचली की तिच्या कर्त्याचे नाव मागे पडते. लोकगीतांच्या बाबतीत खान्देशाला हा अनुभव नवा नाही.

तिसरी मर्यादा श्रेयविभागणीची आहे. सहलेखक दोन असोत वा दहा, प्रत्येकाच्या खात्यावर पूर्ण उद्धरण जमा होते. चौथी मर्यादा विषयभेदाची आहे. जीवविज्ञानात संशोधकांची संख्या व संदर्भांची लांबी मोठी, तर सैद्धांतिक आण्विक भौतिकीत ती तुलनेने लहान. त्यामुळे दोन विषयांतील आकड्यांची थेट तुलना करणे म्हणजे कापूस व केळी एकाच मापाने मोजण्यासारखे आहे.

खान्देशाच्या संदर्भात :
उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची स्थापना १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगाव येथे झाली. जळगाव, धुळे व नंदुरबार हे त्याचे कार्यक्षेत्र. २०१८ मध्ये विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. नामविस्तार सर्वांना अभिमानास्पद असला, तरी उद्धरण-निर्देशिकांमध्ये जुने व नवे नाव स्वतंत्र नोंदले गेल्यास एकाच संस्थेचे कार्य विभागले जाते. २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले यांचे नाव लाभलेल्या पुणे विद्यापीठालाही हीच अडचण लागू पडते.

याहून जवळची अडचण व्यक्तिनामांची आहे. पाटील, चौधरी, महाजन, सोनवणे ही आडनावे या भागात इतकी सर्वत्र आहेत की, आद्याक्षरे सारखी असलेल्या अनेक संशोधकांचे निबंध एकाच नावाखाली जमा होऊ शकतात. विवाहानंतर नाव बदलणाऱ्या अध्यापिकांचे कार्य दोन नावांत विभागले जाते. २०१२ पासून उपलब्ध असलेला 'ऑर्किड' क्रमांक हा त्यावरील विनामूल्य उपाय आहे.

तिसरी अडचण भाषेची. मराठीतील संशोधनलेखन आंतरराष्ट्रीय निर्देशिकांच्या कक्षेत फारसे येत नाही. अहिराणीच्या शब्दसंपदेवरील किंवा धुळे जिल्ह्यातील आदिवासी परंपरांवरील चांगल्या निबंधाची उद्धरणसंख्या शून्य दिसली, तर तो दोष निबंधाचा नसून मापाचा आहे.

आणि चौथी अडचण सर्वांत गंभीर. गुणांसाठी प्रकाशन ही सक्ती झाल्यावर पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा सुळसुळाट झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाने त्याला आळा घालण्यासाठी 'केअर' यादी केली. २०२५ मध्ये ती बंद करून नियतकालिक निवडीसाठी निकष सुचविण्यात आले. म्हणजे निवडीची जबाबदारी पुन्हा संस्था व संशोधक यांच्या विवेकावर आली आहे. जगभरातही २०१२ चा सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा व २०१५ चा लायडेन जाहीरनामा यांनी हाच आग्रह धरला की, आकडा हा तज्ज्ञांच्या निर्णयाला पूरक असावा, पर्याय नसावा.

निष्कर्ष :
१) उद्धरणसंख्या निबंधाचा वापर मोजते. त्याची सत्यता, खोली वा मौलिकता ती थेट मोजत नाही.
२) साधने देणाऱ्या निबंधांना उद्धरणांत झुकते माप मिळते. सिद्धांत सामान्य ज्ञानात विलीन होतात.
३) प्रा. गद्रे यांच्या कार्यात घनता व विभव या मोजक्या राशींचा दीर्घकाळ पाठपुरावा दिसतो. विषय वारंवार बदलून संख्या वाढविण्यापेक्षा एक प्रश्न धरून ठेवणे फलदायी ठरते.
४) साधनांची टंचाई हे संशोधन न करण्याचे कारण ठरू शकत नाही. रेणू-विभाजनाची पद्धती हे त्याचे ठोस उदाहरण होय.
५) खान्देशातील संशोधकांनी नावाचे एकच रूप, विद्यापीठाचे अधिकृत नाव व ऑर्किड क्रमांक यांचा कटाक्षाने वापर करावा.
६) महाविद्यालयीन मूल्यमापन समित्यांनी संशोधकाचे निवडक तीन निबंध प्रत्यक्ष वाचून मत नोंदवावे आणि आकडे त्या मतासोबत जोडावेत.

समारोप :
उद्धरण हे मुळात कृतज्ञतेचे चिन्ह आहे. त्याचे रूपांतर केवळ गुणपत्रिकेत झाले, तर संशोधक वाचकासाठी न लिहिता मोजणाऱ्यासाठी लिहू लागतो. पाठक व गद्रे यांच्या नियमाचा तर्क पदवीच्या वर्गात फळ्यावर सहज मांडता येतो. जळगाव वा धुळ्याच्या एखाद्या वर्गात तो मांडला गेला, तर त्याची नोंद कोणत्याही निर्देशिकेत होणार नाही. तरीही ज्ञानाच्या प्रसाराचा हेतू तेथे पूर्णपणे साध्य झालेला असेल. मूल्यमापनाच्या कोणत्याही पद्धतीने ही बाजू दृष्टिआड होऊ देता कामा नये.